थंडीला न भिणारे जिरेनियम: निवड, निगा आणि कात्री

पुण्यातल्या कुठल्याही नर्सरीत जिरेनियम मागा, माळी गोल लवदार पानांची आणि लाल गुच्छांची कुंडी पुढे करील. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत सुगंधी तेलासाठी जिरेनियम लावणाऱ्या शेतकऱ्याशी बोला, तो एकरी रोपांचा, पाल्याचा आणि तेलाच्या उताऱ्याचा हिशोब मांडील. इंग्लंडमधल्या गार्डन सेंटरमध्ये ‘हार्डी जिरेनियम’ अशी पाटी लावलेल्या टेबलावर मात्र यांतले काहीच नसते. तिथे छोट्या कुंड्यांत खोल कातरलेल्या पानांची, बारीक देठांची, निळ्या-जांभळ्या-गुलाबी फुलांची साधीसुधी रोपे मांडलेली असतात. नवखा माणूस त्यांच्याकडे न बघताच पुढे जातो. ब्रिटनमध्ये नव्याने बाग करणाऱ्या मराठी मंडळींना मी नेमके याच टेबलापाशी थांबायला सांगतो.

नावाचा हा घोळ अडीचशे वर्षांहून जुना आहे. लिनिअसने १७५३ मध्ये ही सगळी झाडे जिरेनियम या एकाच प्रजातीत घातली. १७८९ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिए याने आफ्रिकेकडची मंडळी वेगळी काढून त्यांना पेलार्गोनियम हे नाव दिले. शास्त्रज्ञांनी ते मानले, पण बाजाराने मानले नाही. आपल्याकडची लाल फुलांची कुंडी आणि तेलाचे पीक, दोन्ही पेलार्गोनियमच. दक्षिण आफ्रिकेच्या उबदार हवेत वाढलेली ही झाडे कडक हिमाच्या एका रात्रीत काळी पडतात. ओळखायची खूण सोपी आहे. फूल समोरून पाहावे. पाचही पाकळ्या सारख्या असतील तर ते खरे जिरेनियम. वरच्या दोन पाकळ्या खालच्या तिघींहून आकाराने वा नक्षीने वेगळ्या असतील तर पेलार्गोनियम.

खऱ्या जिरेनियमच्या चारशेच्या वर जाती आहेत. युरोपची कुरणे, कॉकेशसचे डोंगर, हिमालय, अमेरिकेची पूर्वेकडची जंगले, असा त्यांचा पसारा. बागेतल्या बहुतेक जाती बहुवर्षायू. हिवाळ्यात वरचा पाला बसतो, जमिनीखालचा गड्डा झोपतो आणि मार्चमध्ये पुन्हा फुटवे येतात. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या वर्गवारीत यांतल्या अनेक जाती ‘एच ७’ या सर्वांत काटक वर्गात, म्हणजे उणे २० अंशांच्या खालीही तग धरणाऱ्या आहेत.

इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. हा काटकपणा थंडीपुरता आहे. उन्हाळ्यातल्या गरम, दमट रात्री या झाडांना सोसत नाहीत. पुण्या-मुंबईत बियाणे मागवून प्रयोग करू पाहणाऱ्यांना माझा सल्ला एकच, पैसे वाचवा. तिथे थंडी पुरेशी पडत नाही म्हणून झाडाला नीट विसावा मिळत नाही, मे महिन्यात ते दमते आणि जूनच्या पावसात गड्डा कुजतो. अमेरिकेतही ॲटलांटा, ह्यूस्टन या पट्ट्यात हीच अडचण येते. न्यू जर्सी, टोरांटो, सिॲटल किंवा ब्रिटन-आयर्लंड-जर्मनीत राहणाऱ्यांसाठी पुढचा मजकूर आहे.

आता मूळ प्रश्न. हार्डी जिरेनियम म्हणजे बिनकटकटीचे झाड, लावा आणि विसरा, असे बागकामाची मासिके वर्षानुवर्षे सांगत आली आहेत. ते कितपत खरे? माझ्या मते निम्मे. जागा पाहून जात निवडली आणि वर्षातून एकदा निर्दयपणे कात्री चालवली, तर खरेच दुसरे फारसे काही करावे लागत नाही. पण या दोनपैकी एक जरी चुकले, तर हेच झाड एक तर मुकाट्याने मरते किंवा शेजारच्या चार झाडांच्या अंगावर लोळते. नुसते खतपाणी घालून चुकीची निवड दुरुस्त होत नाही, आणि बहुतेकांची गाडी अडते ती इथेच.

निवडीची गोष्ट आजच्या सर्वांत खपणाऱ्या जिरेनियमपासूनच सुरू करावी लागते. त्याचे नाव ‘रोझॅन’. सॉमरसेटमधल्या किल्व्ह गावी डोनाल्ड आणि रोझॅन वॉटरर या दांपत्याच्या बागेत १९८९ मध्ये हे रोप आपोआप उगवलेले सापडले. फुले निळी-जांभळी, मध्यभागी पांढरट, आकाराने मोठी, आणि मुख्य म्हणजे जूनमध्ये सुरू झालेला बहर ऑक्टोबरपर्यंत थांबतच नाही. ब्लूम्स ऑफ ब्रेसिंगहॅम या नर्सरीने २००० मध्ये ते बाजारात आणले. २००८ मध्ये अमेरिकेतल्या पेरेनियल प्लांट असोसिएशनने त्याला वर्षाचे झाड ठरवले, आणि २०१३ मध्ये चेल्सी फ्लॉवर शोच्या शताब्दीनिमित्त लोकांनी मते देऊन निवडलेले ‘शतकाचे झाड’ही हेच.

या इंग्रजी लाडक्याचे आई-बाप दोघेही हिमालयातले आहेत. एक जिरेनियम हिमालयेन्स. दुसरे जिरेनियम वॉलिचियानम, त्यातही ‘बक्स्टन्स व्हरायटी’ हा निळा प्रकार. वॉलिचियानमला नाव मिळाले ते कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक नथॅनिएल वॉलिच यांचे. जुलै-ऑगस्टमध्ये घांघरियाहून व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला गेलेल्या कितीतरी मराठी ट्रेकर्सनी हे फूल पाहिलेले असते. वाटेच्या कडेला दगडांवरून पसरलेले, जांभळट गुलाबी, पाकळ्यांवर गडद शिरा. फोटो ब्रह्मकमळाचे निघतात, याचे नाव कुणी विचारत नाही. काश्मीरच्या जिरेनियम क्लार्कीचे ‘काश्मीर व्हाइट’ आणि ‘काश्मीर पर्पल’ हे दोन प्रकारही इंग्रजी वाफ्यांत वर्षानुवर्षे नांदताहेत.

रोझॅनचा स्वभावही या वंशावळीतून कळतो. वॉलिचियानम एकाच मुळाच्या डोक्यातून लांब फांद्या चारी बाजूंना सोडते, त्या फांद्यांना वाटेत मुळे फुटत नाहीत. रोझॅनचेही तसेच. म्हणून ते ४५ ते ६० सेंटिमीटर उंच असले तरी मीटरभर जागा सहज व्यापते, शेजारच्या गुलाबात चढते, पायवाटेवर येते. आणि म्हणूनच खणून त्याचे चार तुकडे करू पाहणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. मुळाचे डोके एकच असते. बी धरत नाही, त्यामुळे बहर लांबतो, पण फुकटची रोपेही मिळत नाहीत. उतारावर, भिंतीच्या कडेवरून खाली सोडायला, मोठ्या गुलाबांच्या पायथ्याशी याला तोड नाही. लहान वाफ्यात मात्र लावू नये. तीन वर्षांत त्याच्याखाली दबून गेलेली प्रिम्युला आणि लहान कंद मी बऱ्याच बागांत पाहिले आहेत. इंग्लंडातल्या प्रत्येक दुसऱ्या बागेत आता हेच दिसते याचाही थोडा कंटाळा येतो, हे कबूल करतो.

खरी परीक्षा असते ती मोठ्या झाडाखालच्या कोरड्या सावलीची. वरून ऊन नाही, खाली मुळे सगळे पाणी पितात, गवतसुद्धा नीट येत नाही. अशा जागी जिरेनियम मॅक्रोरायझम लावावे, आणि या एका शिफारशीबद्दल माझ्या मनात किंतु नाही. दक्षिण युरोपच्या, बाल्कनच्या डोंगरांतले हे झाड ३० सेंटिमीटरच्या आसपास वाढते. पानांना उग्र सुगंध, बोटे चोळली की तासभर जात नाही. बल्गेरियात याला ‘झ्द्रावेत्स’ म्हणतात, तिथे ते आरोग्याचे आणि शुभाचे झाड मानले जाते आणि त्याचे तेलही काढतात. मे-जूनमध्ये गुलाबी फुले येतात, पण हे फुलांसाठी लावायचे झाड नव्हे. पानांची दाट चादर, हिवाळ्यातही बरीचशी टिकणारी आणि शरद ऋतूत कडांना लाल होणारी, हे त्याचे काम. ‘बेव्हन्स व्हरायटी’ गडद गुलाबी, ‘इंगवर्सन्स व्हरायटी’ फिकट, ‘आल्बम’ पांढरट. चौरस मीटरला पाच-सहा रोपे लावली तर दोन हंगामांत जमीन झाकली जाते.

मॅक्रोरायझम तण दाबते ही ख्याती बरोबर आहे, पण तिचा अर्थ लोक चुकीचा घेतात. नव्याने उगवू पाहणाऱ्या तणाच्या बियांना ते उजेड मिळू देत नाही, इतकेच. जमिनीत आधीपासून हरळीसारखी लांब मुळांची गवते किंवा बाइंडवीडची पांढरी मुळे असतील, तर ती जिरेनियमच्या गड्ड्यांत गुंतून बसतात आणि मग दोन्ही उपटल्याशिवाय सुटका नाही. लावण्याआधी जमीन स्वच्छ करण्याला पर्याय नाही. पहिले दोन उन्हाळे खुरपणीही करावीच लागते.

त्याच कुळातले पण ठेंगणे हवे असेल तर केंब्रिजच्या वनस्पती उद्यानात तयार झालेला संकर जिरेनियम कँटाब्रिजिएन्स आहे. मॅक्रोरायझम आणि डाल्मॅटिकम यांचे हे अपत्य. याच संकराचा निसर्गात आपोआप झालेला प्रकार ‘बिओकोव्हो’, क्रोएशियातल्या बिओकोव्हो डोंगरावर सापडलेला, पांढऱ्या फुलांना गुलाबी झाक असलेला. त्याला २०१५ मध्ये, रोझॅनसारखाच, ‘वर्षाचे झाड’ हा अमेरिकी मान मिळाला. पायवाटेच्या कडेला लावायला रोझॅनपेक्षा हा कितीतरी शहाणा.

सावलीतलेच आणखी दोन. जिरेनियम फीयम, ज्याला इंग्रजीत शोकमग्न विधवा असे नाव पडले आहे, कारण फूल जवळजवळ काळे, मान खाली घातलेले. हे लवकर, एप्रिल-मेमध्ये फुलते. ‘सामोबोर’ या प्रकाराच्या पानांवर गडद तपकिरी डाग असतात, त्यामुळे फूल नसतानाही पाहावेसे वाटते. दुसरे जिरेनियम नोडोसम. ते इतके बिनबोभाट असते की कुणाला भेट देता येत नाही, पण विटांच्या भिंतीला लागून, उत्तरेकडच्या अंधाऱ्या पट्ट्यात तेही फुलते.

उन्हात, चुनखडीच्या आणि निचऱ्याच्या जमिनीत जिरेनियम सँग्विनियम. ठेंगणे, बारीक चिरलेल्या पानांचे, भडक किरमिजी फुलांचे. तो रंग ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी फिकट गुलाबी, शिरांच्या नक्षीचा ‘स्ट्रायाटम’ आहे. तो मूळचा वायव्य इंग्लंडमधल्या वॉल्नी बेटावरचा. शरदात याची पाने लालभडक होतात. रेनार्डी हे कॉकेशसचे, मखमली करड्या-हिरव्या पानांचे, गरीब जमिनीवरच खूश राहणारे. शेणखत घातले की बिघडते. सिनेरियम, ‘बॅलरिना’ वगैरे चिमुकले प्रकार खडकाळ बागेचे. हिवाळ्यातल्या ओलाव्याने ते जातात, थंडीने जात नाहीत, म्हणून माझ्यासारख्या चिकणमातीवाल्याने ते उथळ कुंडीत खडी घालूनच लावावेत.

ओलसर, जरा जड जमिनीत आणि गवताच्या सोबतीने जिरेनियम प्रटेन्स. इंग्लंडमधल्या चुनखडीच्या मुलखात रस्त्याच्या कडांना जून-जुलैत दिसते ते हेच, निळसर जांभळे, कमरेपर्यंत उंच. वाफ्यात ते एका पावसात आडवे होते. कुरणात गवताचा आधार असतो, म्हणून तिथे ते सरळ उभे राहते. उंच आणि ठसठशीत हवे असेल तर सायलोस्टेमॉन, तुर्कस्तान-कॉकेशसकडचे, १२० सेंटिमीटरपर्यंत, किरमिजी पाकळ्या आणि काळा डोळा. याला आधाराच्या काटक्या एप्रिलमध्येच खुपसाव्यात, जूनमध्ये खुपसल्या तर झाड बांधून ठेवल्यासारखे दिसते. याच्यापासून ऑर्कनी बेटांवरच्या ॲलन ब्रेमनर यांनी केलेला ‘पॅट्रिशिया’ हा संकर थोडा बुटका आणि वाफ्यात सांभाळायला सोपा.

‘जॉन्सन्स ब्लू’ आणि मॅग्निफिकम हे दोघे जुने. दोघांचाही बहर एकदाच येतो, पण मॅग्निफिकमचा पंधरा-वीस दिवसांचा निळा-जांभळा बहर पाहिला की बाकीचे वर्षभर ते नुसती पाने घेऊन बसले तरी तक्रार करवत नाही.

आता कात्री. बिनकटकटीच्या दाव्यातला लपलेला भाग हाच. पहिला बहर सरला की जूनअखेरीस किंवा जुलैत मॅग्निफिकम, प्रटेन्स, फीयम आणि ऑक्सोनियानम नावाचे आणखी एक जिरेनियम, ही मंडळी विस्कटतात. देठ लोळतात, मध्यभागी भोक पडते, पाने पिवळी किंवा भुरीने पांढरी होतात. लोक या वेळी सुकलेली फुले एकेक करून खुडत बसतात. त्यात अर्धा दिवस जातो आणि झाड होते तसेच राहते. करायचे ते असे: सगळा पाला एका हाताने मुठीत धरायचा आणि दुसऱ्या हातातल्या मोठ्या कात्रीने जमिनीपासून चार बोटांवर सरळ कापून टाकायचा. हिरवी पाने, उरलेल्या कळ्या, काहीही बघायचे नाही. मग एक बादली पाणी. ऊस तुटल्यावर खोडवा राखतात, त्यातला विश्वास इथे लागतो. गड्डा जिवंत आहे तोवर वरचे कापल्याने काही बिघडत नाही. दोन-तीन आठवड्यांत ताज्या पानांचा नीटस घुमट तयार होतो. ऑक्सोनियानम आणि प्रटेन्सला ऑगस्टमध्ये दुसरा, थोडा विरळ बहर येतो; मॅग्निफिकमला फक्त पाने येतात, पण तीही पुरे.

हा उपाय सरसकट सगळ्यांना लावू नये. मॅक्रोरायझमचे फक्त वाळलेले फुलदांडे काढावेत. सँग्विनियमला वरवरची हजामत पुरते. सिनेरियमसारख्या चिमुकल्यांना हात लावू नये. रोझॅनच्या फांद्या जुलैत फार लांबल्या तर निम्म्याने छाटल्या तरी ते पुन्हा फुलते, पण जोमात असेल तर सोडून द्यावे. आणि मदेरा बेटावरचे जिरेनियम मॅडेरेन्स हे तर अगदीच निराळे. ते हार्डी नव्हेच, कॉर्नवॉलच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर जमते. त्याची जुनी पाने वाळली की देठ खाली झुकून जमिनीला टेकतात आणि त्या टेकूंवर ते अवजड झाड उभे राहते. नीटनेटकेपणाच्या हौसेने ते देठ कापले की झाड कलंडते.

जमीन, खत, पाणी यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. साचलेले पाणी सोडले तर बहुतेक जमिनी चालतात. लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये किंवा मार्च-एप्रिलमध्ये. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर पाणी, पुढे दुष्काळ पडला तरच. वसंतात कुजलेल्या पाल्याचे दोन इंचांचे आच्छादन हेच खत. लॉनचे नत्र चुकून वाफ्यात पडले की पाने वाढतात, देठ पोसत नाहीत आणि जूनमध्ये सगळे लोळण घेते.

ठोंब फोडणे हा मात्र सुखाचा भाग आहे. तीन-चार वर्षांनी मधला भाग काष्ठवत होतो आणि फुले कडेलाच येऊ लागतात, तेव्हा मार्चमध्ये किंवा सप्टेंबरात काटेकुदळीने अख्खा ठोंब उचलावा. मॅक्रोरायझमचा ठोंब उचलला की दिसते ते असे: बोटाएवढी जाड, तपकिरी, खवल्या-खवल्यांची खोडे जमिनीवरच आडवी पसरलेली, टोकाला पानांचा झुबका, आणि मुळे फक्त अधूनमधून, बारीक. मुळे इतकी कमी पाहून मन कचरते, पण घाबरायचे कारण नाही. खोडाचा वीतभर तुकडा झुबक्यासकट तोडायचा आणि झुबका तेवढा वर राहील अशा बेताने मातीत खोल पुरायचा. मातीत गेलेल्या खोडाला सगळीकडून मुळे फुटतात. मूळ झाडापेक्षा हे तुकडे महिन्याभरात जास्त तरतरीत दिसतात, आणि हातांना दिवसभर तो वास येत राहतो. फीयम, ऑक्सोनियानम, मॅग्निफिकम हातानेच मोकळे होतात. सँग्विनियमच्या जाड मुळांच्या तुकड्यांपासूनही रोपे होतात. रोझॅनसाठी वसंतात बुडाशी आलेले कोवळे धुमारे कापून वाळूमिश्रित मातीत लावावेत, तेही सगळे जगतील असे नाही.

बियांची तऱ्हा वेगळीच. फूल गळल्यावर मध्यभागी लांब चोच तयार होते, क्रौंचाच्या चोचीवरूनच या झाडाला नाव पडले. चोचीच्या बुडाशी पाच खाचा, प्रत्येकीत एक बी, आणि प्रत्येक खाचेपासून चोचीच्या टोकापर्यंत गेलेली एक ताणलेली पट्टी. ऊन लागून चोच वाळली की ताण असह्य होतो, पट्टी खालून सुटून वर वळते आणि बी काही मीटरवर भिरकावले जाते. म्हणून बी गोळा करायचे तर चोच तपकिरी झाली पण फुटली नाही, या एक-दोन दिवसांत खुडून कागदी पिशवीत टाकावी आणि पिशवीचे तोंड दुमडावे. रात्री खोलीत शांतता असेल तर पिशवीतून टिक टिक ऐकू येते. बियांची रोपे आईसारखीच होतील ही आशा मात्र ठेवू नये. संकर झालेले असतात, रंग बदलतात.

फुलाचाही एक इतिहास आहे. जर्मनीत श्पांडाउच्या शाळेत शिकवणाऱ्या ख्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल याने १७८७ मध्ये रानातल्या सिल्व्हॅटिकम जिरेनियमच्या पाकळ्यांच्या बुडाशी बारीक केस पाहिले. हे केस कशासाठी, असे त्याने स्वतःला विचारले आणि उत्तर काढले की ते पावसाच्या पाण्यापासून मध वाचवतात. मग मध कुणासाठी? किड्यांसाठी. मग किडा कशासाठी? तिथून पुढे सहा वर्षे तो फुलांपाशीच बसून राहिला आणि १७९३ मध्ये फुले व कीटक यांच्या नात्यावरचे त्याचे पुस्तक निघाले. त्या काळात कुणी फारसे विचारले नाही. पुढे डार्विनने त्याचे मोल ओळखले. जिरेनियमच्या फुलात आधी पुंकेसर पिकतात, परागकण उडून गेल्यावर कुक्षीचे पाच हात उघडतात, म्हणजे एकाच फुलाचे पराग त्याच फुलाला लागणे टळते. सकाळी भिंग घेऊन प्रटेन्सच्या शेजारशेजारच्या चार फुलांत पाहिले तर दोन्ही अवस्था सापडतात. मधमाश्यांसाठी लावायचे असेल तर साधी पाच पाकळ्यांची फुले निवडावीत. प्रटेन्सचे दुहेरी पाकळ्यांचे प्रकार दिसायला भरगच्च, पण किड्याच्या दृष्टीने बंद दुकान.

बी उडवणाऱ्या झाडांचा उपद्रवही सांगितला पाहिजे. ऑक्सोनियानम, विशेषतः ‘क्लॅरिज ड्रूस’, एकदा रुजले की फरशीच्या फटींतसुद्धा उगवते. म्हणूनच बहर सरताच छाटणी, बी तयार होण्याआधी. रॉबर्टियानम हे छोटे, उग्र वासाचे, लालसर देठांचे रानटी जिरेनियम ब्रिटनमध्ये तण म्हणून सहन केले जाते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात मात्र ते अधिकृतरीत्या उपद्रवी तणांच्या यादीत आहे. सिॲटलच्या परिसरात राहणाऱ्यांनी कुणी प्रेमाने रोप दिले तरी ते नम्रपणे नाकारावे. उपटायला ते सोपे आहे, मूळ उथळ असते.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोठी डोकेदुखी हरणांची. न्यू जर्सीत ट्यूलिप, होस्टा फस्त करणारी हरणे मॅक्रोरायझमच्या वासाला सहसा तोंड लावत नाहीत. ससे मात्र कोवळी रोपे कुरतडतात, पहिल्या वर्षी जाळी लावावी. तिथली स्वतःची जात मॅक्युलॅटम, ओक-मॅपलच्या जंगलांतली, मेच्या आसपास फिकट गुलाबी फुले देणारी. कोरड्या उन्हाळ्यात ती पाने टाकून जमिनीखाली जाते. मेली समजून ती जागा खणू नका, पुढच्या एप्रिलमध्ये ती परत येते.

कीड-रोग थोडक्यात आटपतात. भुरी आली तर कात्री आणि पाणी, औषध नको. पानांना बारीक भोके दिसली तर बहुधा सॉफ्लायच्या अळ्या, झाडाला त्याने फरक पडत नाही. गोगलगायी नव्या फुटव्यांवर येतात, मोठ्या ठोंबाला काही करत नाहीत. खरा शत्रू कुंडीतल्या रोपांचा: व्हाइन वीव्हिल. हा भुंगेरा पानांच्या कडा कातरतो, ते चालते. पण त्याच्या पांढुरक्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या मातीत मुळे खातात आणि एक दिवस रोप हात लावताच कुंडीतून सुटून येते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, माती उबदार असताना, सूक्ष्म नेमॅटोड पाण्यातून सोडणे हा त्यावर चांगला उपाय.

राहता राहिली खरेदी. बाजारात दर वसंतात नवी नावे येतात, आणि रंगीत लेबलावर प्रत्येक नव्या नावाला ‘अधिक फुले, अधिक काळ’ असे लिहिलेले असते. त्यांतली बरीच जुन्यांपासून दहा पावलांवरून ओळखू येत नाहीत. ‘जॉन्सन्स ब्लू’ म्हणून विकले जाणारे रोप अनेकदा भलतेच निघते, मग ते फुलल्यावरच कळते. म्हणून महागडे, फुललेले मोठे रोप घेण्यापेक्षा जुन्या जातींची नऊ सेंटिमीटरच्या कुंडीतली छोटी रोपे तीन-तीनच्या गटात घ्यावीत. कुंडी उलटी करून पाहायला लाजू नये. पांढरी, ताजी मुळे हवीत, कुंडीभर वेटोळे घातलेली तपकिरी जाळी नको. सप्टेंबरात सवलतीच्या ट्रॉलीवर सुकल्यासारखी दिसणारी मॅक्रोरायझम आणि फीयमची रोपे पडलेली असतात. ती नि:शंक घ्यावीत. पाला कापायचा, वेटोळी मुळे बोटांनी मोकळी करायची, खोल पुरायची. रोझॅन मात्र तशा अवस्थेत घेऊ नये. एकाच डोक्यावर उभे असलेले रोप ते डोके सुकले की उठत नाही. आणि शेजारी कुणाकडे जुना ठोंब असेल, तर दुकानात जायच्या आधी कुंपणावरून विचारून पाहावे. सप्टेंबरात बागवाल्यांना फोडलेल्या ठोंबांचे काय करायचे, हाच प्रश्न पडलेला असतो.